बाबांना टायगर पुन्हा हवाय

नमस्कार मावशी,

मी गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. वय २४. दोन वर्षांपूर्वी माझा दादा मोटारसायकलच्या अपघातात गेला. टायगर हा त्याचा कुत्रा. दादा बारावीत असताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पिशवीत घालून आणलेला. आता तो तेराएक वर्षांचा आहे आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. डॉक्टर म्हणाले, काही महिने.

दादा रात्री साडेनऊला ड्युटीवरून यायचा. टायगर अजून साडेनऊला गेटपाशी जाऊन बसतो. बाबा त्याच्या शेजारी बसतात. आई फार बोलत नाही. ती टायगरची पेज शिजवते आणि दादा घालायचा तसा त्यात सुका बांगडा चुरून घालते.

गेल्या महिन्यात बाबांनी इंटरनेटवर वाचलं की अमेरिकेत कुत्र्याचा क्लोन करून मिळतो. खर्च ५० हजार डॉलर. दादाच्या अपघाताच्या दाव्याचे पैसे बँकेत आहेत, त्यांना आजवर कुणी हात लावलेला नाही. बाबा म्हणतात, त्याचे पैसे त्याच्याच कुत्र्यावर जाऊ देत. मी म्हटलं, हे वेड आहे. तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. परवा रात्री गेटपाशी मला म्हणाले, "कुत्रा होतो, तर माणूस का होत नसेल गो?" मी काहीच बोलले नाही. दादाच्या जावळाची पुडी आईच्या कपाटात आहे. ती त्यांनी काढून बघितली, हे मला माहीत आहे.

हे खरं आहे की फसवणूक? आणि बाबांना कसं थांबवू?

– एक बहीण

*

अगं,

फसवणूक नव्हे. हे आधी सांगून टाकते, कारण तू बाबांना वेड लागलंय म्हणालीस आणि शास्त्रापुरतं बोलायचं तर बाबा बरोबर आहेत. कुत्र्याचा क्लोन होतो. अमेरिकेत, दक्षिण कोरियात, चीनमध्ये कंपन्या तो पैसे घेऊन करून देतात. बाबांनी वाचलेला भावही खरा आहे, आपल्या हिशेबाने ४० लाखांच्या वर. बार्ब्रा स्ट्रायसँड या अमेरिकन गायिकेने आपल्या कुत्रीचे असे दोन क्लोन करून घेतले आणि २०१८ साली ते उघडपणे सांगितलं. तेव्हा पहिलं काम, 'वेड' हा शब्द मागे घे. बाकीचं बोलणं त्यानंतरच होईल.

मी तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं आहे. विषय निघाला की हातात खडू येतो. थोडं सहन कर.

टायगरच्या कातडीचा एक छोटा तुकडा घ्यायचा. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवायच्या. मग दुसऱ्या एका कुत्रीचं अंडं घ्यायचं, त्यातलं केंद्रक, म्हणजे जनुक असलेला गाभा, बारीक सुईने ओढून काढायचं, तिथे टायगरची पेशी बसवायची आणि विजेचा हलका झटका द्यायचा. दोन्ही एकजीव होतात. सगळं नीट जमलं तर अंड्याला वाटतं आपलं फलन झालं, आणि ते विभागू लागतं. ते तिसऱ्या एका कुत्रीच्या गर्भाशयात ठेवायचं. साधारण दोन महिन्यांनी पिल्लू.

'सगळं नीट जमलं तर' हे मी किती सहज लिहून गेले बघ. डॉली मेंढीचं नाव तू शाळेत ऐकलं असशील. ५ जुलै १९९६ ला स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये ती जन्मली, सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून. इयन विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७७ अंड्यांत पेशी बसवल्या होत्या. त्यांतले २९ गर्भ पुढे ठेवण्याजोगे निघाले. जन्मली एक.

कुत्रा तर मेंढीपेक्षा अवघड. कुत्रीच्या बीजांडकोशातून अंडं बाहेर पडतं ते अपक्व, पुढची वाढ त्याची कुत्रीच्या बीजवाहक नळीत होते, त्यामुळे ते नेमक्या दिवशी शस्त्रक्रिया करून काढावं लागतं. शिवाय कुत्री माजावर येते वर्षातून एकदा-दोनदा. पहिला क्लोन कुत्रा स्नपी हा २००५ साली सोलच्या विद्यापीठात जन्मला, तेव्हा १,०९५ गर्भ १२३ कुत्र्यांच्या पोटात ठेवले होते. पिल्लं झाली दोन, आणि त्यांतलं एक तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने गेलं.

आता तंत्र सुधारलंय, इतक्या कुत्र्या लागत नाहीत. पण अंडं देणारी आणि पिल्लू वाढवणारी कुणीतरी लागतेच. बाबांना हे सांगताना आकड्यांपेक्षा एवढंच सांग की त्या कुत्र्या टायगरच्या आईसारख्याच. म्हापशाच्या बाजारात जिचं पिल्लू पिशवीत घालून दादाने आणलं, तीही कुणाची तरी कुत्री होती, किंवा कुणाचीच नव्हती. टायगरवर ज्याचा इतका जीव आहे त्या माणसाला हे कळेल. मला क्लोनिंगबद्दल सर्वांत जास्त खटकतं ते हे, बिलावर कुठेही न दिसणाऱ्या त्या जनावरांचं.

मी क्लोनिंगच्या विरोधात नाही, हे इथेच सांगते. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये म्हशीची क्लोन पारडी जन्मली, समरूपा. ती काही दिवसच जगली. पण २०१० च्या गरिमा-२ ला पुढे स्वतःचं पारडू झालं, महिमा. २०२३ मध्ये तिथेच गीर गाईची गंगा आली. अमेरिकेत १९८८ साली गोठवून ठेवलेल्या पेशींपासून २०२० मध्ये काळ्या पायांच्या फेरेटचं, म्हणजे मुंगसासारख्या एका छोट्या शिकारी प्राण्याचं, पिल्लू जन्मलं. ती जात नामशेष व्हायच्या बेताला आलेली, आणि त्या पिल्लाआधी जिवंत असलेले त्या जातीचे सगळे फेरेट मोजक्या सात प्राण्यांची प्रजा. तिथे एका मेलेल्या प्राण्याचे जनुक परत मिळणं म्हणजे घबाडच. दुधाची जात सुधारायची, एक जात वाचवायची, यात विशिष्ट अमुक एक जीव परत यावा असा कुणाचा हट्ट नसतो. तुमच्या घरात नेमका तोच हट्ट आहे.

आणि क्लोन काही आपल्याला परका नाही. डिचोलीकडचं घर म्हणजे परसात एखादा मानकुराद आंबा असणारच. तो कलमी असेल तर तो क्लोन आहे. बाठा पेरून आलेलं झाड कुणावर जाईल सांगता येत नाही, म्हणून सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी गोव्यात आंब्याची कलमं बांधायला सुरुवात केली. गंमत म्हणजे 'क्लोन' या शब्दाचं मूळही झाडाचंच. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ डहाळी. १९०३ साली वनस्पतींसाठी तो वापरात आला आणि १९६३ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांनी माणसाच्या संदर्भात वापरला. हे हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक म्हणूनच भुवनेश्वरला वारले, पण ते असो.

माझ्या माहेरी एकाच झाडाची दोन कलमं आहेत. एक विहिरीजवळ, एक वरच्या कातळाला लागून. विहिरीजवळचं आळशी, मे संपत आला तरी फळ हिरवं. कातळावरचं घाईचं, फळ लहान पण गोड. दोघांचे जनुक तेच, जमीन वेगळी. आंब्याला तरी स्वभाव नसतो. कुत्र्याला असतो.

दिसण्यापासूनच सुरुवात कर. २००१ च्या डिसेंबरात टेक्सासच्या विद्यापीठात पहिली क्लोन मांजर जन्मली. मूळ मांजरीच्या अंगावर पांढऱ्यासोबत तांबूस आणि काळे ठिपके. क्लोन झाली करडी पट्टेरी आणि पांढरी, तांबूस केस नावालाही नाही. कारण मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांतलं एक बंद पडतं, आणि केसांचा तांबूस-काळा रंग त्याच्यावर ठरतो. ज्या पेशीपासून क्लोन केला तिच्यात तांबूसवालं बंद होतं, संपलं. टायगर नर आहे, त्याला ही अडचण नाही. पण त्याच्या अंगावर पांढरा डाग असेल, कपाळावर किंवा छातीवर, तर तो क्लोनच्या अंगावर त्याच जागी पडेल याची खात्री नाही. गर्भात रंगाच्या पेशी पाठीच्या कण्याकडून खाली सरकत येतात. त्या कुठवर पोचल्या आणि कुठे थांबल्या, यात योगायोगाचा भाग मोठा. दोन बोटं डावीकडे सरकलेला टिळा घेऊन पिल्लू आलं, तर बाबा रोज त्या दोन बोटांकडे बघत बसतील.

माझ्या वर्गात एका वर्षी जुळ्या बहिणी होत्या, एकाच बीजापासूनच्या, म्हणजे निसर्गानेच केलेले क्लोन. पहिले तीन आठवडे मी हजेरी घेताना घोळ घालायचे. मग झुरळाचं विच्छेदन आलं. एकीने ट्रेवर ओणवून शांतपणे आतडं सुटं केलं, दुसरी दाराबाहेर जाऊन ओकली. त्यानंतर माझी कधी चूक झाली नाही. एका गर्भाशयात, एका घरात, एका ताटात वाढलेल्या मुली या. टायगरचा क्लोन टेक्साससारख्या ठिकाणी एका अनोळखी कुत्रीच्या पोटात वाढेल, विमानाने येईल, आणि दादाला कधी बघणार नाही.

आता साडेनऊचं.

तुझ्या पत्रात क्लोनिंगबद्दल चारपाच वाक्यं आहेत, पण मला सोडवत नाही ते गेट. टायगर तिथे बसतो कारण वर्षानुवर्षं रोज त्या वेळेला त्या गाडीचा आवाज आला. हे कुठल्याही जनुकात लिहिलेलं नाही. ते त्याच्या मेंदूत साठलंय, एकेका रात्रीने, आणि टायगरबरोबर जाईल. नवा कुत्रा साडेनऊला पोर्चमध्ये पाय ताणून झोपलेला असेल. आणि बाबा गेटपाशी एकटे. मला वाटतं, बाबांना भीती आहे ती याची. घरात दादाची वाट उघडपणे बघणारे दोघंच, एक बाबा आणि एक टायगर. तुम्ही बाकीच्यांनी वाट बघणं बंद केलंय असं त्यांना वाटतं. माझा अंदाज चुकीचा असेलही. पण ४० लाखांत त्यांना जे आणायचंय ते कंपनी विकत नाही, याबद्दल मला शंका नाही.

माणसाचं काय, हे त्यांनी तुला विचारलं तेव्हा तू गप्प बसलीस. बरं केलंस. पण उत्तर द्यायला हवं, नाहीतर ते उत्तर आणखी कुठेतरी शोधतील. आजवर क्लोनिंगने माणूस जन्मल्याचा एकही पुरावा नाही. २००२ च्या डिसेंबरात एका पंथाच्या कंपनीने क्लोन मुलगी झाल्याचं जाहीर केलं. पुरावा आजतागायत दिला नाही. क्लोनिंगने मानवी भ्रूण तयार करून त्यातून मूलपेशी (स्टेम सेल) काढल्या, असा दावा करणारे कोरियाचे ह्वांग वू-सुक खोटा डेटा देताना पकडले गेले. स्नपीही त्यांच्याच गटाचा होता, पण तो तपासाअंती खरा निघाला. माणसाला जवळ असणाऱ्या माकडांत चिनी शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये यश जाहीर केलं. ७९ गर्भ, २१ माद्या, जगलेली पिल्लं दोन, आणि तीही गर्भातल्या पेशींपासून, मोठ्या माकडाच्या नव्हे. हेच आकडे बायकांच्या बाबतीत मनात आणून बघ. किती जणींचे गर्भ पडतील, किती मुलं व्यंग घेऊन जन्मतील, याचा हिशेब कुठल्या तोंडाने मांडायचा? आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूल जन्माला घालण्यासाठी क्लोनिंग करायला मनाई आहे. त्याचं पहिलं कारण हे आहे. देवाच्या कामात ढवळाढवळ वगैरे नंतरचं.

जावळाच्या पुडीबद्दल हळुवार बोलावं लागेल. कापलेला केस मेलेला असतो. क्लोनला जिवंत किंवा जिवंत असताना गोठवलेली पेशी लागते. त्या पुडीतून शास्त्रज्ञांना फार तर डीएनएचे तुकडे मिळतील, अख्खी पेशी नाही. म्हणजे कायदा, पैसा, नीती सगळं बाजूला ठेवलं तरी तो रस्ता नाही. हे बाबांना तू सांगू नकोस. त्यांनी विचारलं तर सांग. पुडी पुन्हा जागच्या जागी आहे का बघ, आणि नसेल तर शोधत बसू नकोस.

समज, रस्ता असता. तरी काय झालं असतं? दादाचा एक जुळा भाऊ, तीस वर्षं उशिरा जन्मलेला. आपल्याकडे आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव ठेवतात, 'आजोबाच परत आले' म्हणतात. पण त्या नातवाने चित्रकला घेतली तर आजोबांचं दुकान का बघत नाहीस म्हणून कुणी त्याचा कान धरत नाही. नाव देतो आणि मोकळा सोडतो. या मुलाला कुणी मोकळं सोडलं नसतं. त्याला मोटारसायकलला हात लावू दिला असता का, हे तूच सांग.

आता करायचं काय. इथे माझं म्हणणं तुला आवडणार नाही कदाचित. बाबांना पूर्ण अडवू नकोस. कातडीचा तुकडा घेऊन पेशी साठवून ठेवणं हा वेगळा निर्णय आहे आणि क्लोन करणं हा वेगळा. पहिल्याचा खर्च दुसऱ्याच्या मानाने अगदी थोडा. टायगरला त्रास न होता, भूल सोसेल का हे तुमच्या डॉक्टरांना विचारून, बाबांना ते करायचंच असेल तर करू दे. मला स्वतःला ते पटत नाही. गोठवलेल्या पेशीचं दरवर्षी भाडं भरत राहणं म्हणजे जखमेवरची पट्टी न काढणं. पण आज 'नाही' म्हटलंस आणि पुढच्या महिन्यात टायगर गेला, तर त्या घरात तो कायम तुझ्यामुळे गेलेला राहील. हे ओझं घेऊ नकोस. पेशी थांबतात. घाई फक्त माणसांना असते. ठरवा की टायगर गेल्यानंतर एक वर्ष या विषयावर खर्च करायचा नाही, आणि हे बाबांच्याच तोंडून येऊ दे.

मध्ये कुणी एजंट असेल तर त्याला एक रुपया द्यायचा नाही. थेट कंपनीला लेखी विचारायचं: एका पिल्लामागे किती कुत्र्या वापरता, किती पिल्लं मरतात, व्यंग असलेल्यांचं काय करता, पिल्लू नाही झालं तर पैसे परत की पुन्हा प्रयत्न? उत्तरं काय येतात आणि काय येत नाहीत, ते बाबांना स्वतः वाचू दे. तुझ्या व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग जास्त. त्यांनी क्लोन लवकर म्हातारे होऊन मरतात असं कुठे वाचलं असेल तर तेवढं खोडून काढ. डॉली सहा वर्षांची होऊन गेली ती फुप्फुसाच्या विषाणूजन्य आजाराने, आणि ती ज्या पेशींपासून झाली त्याच पेशींपासून केलेल्या चार मेंढ्या म्हातारपणी वयाच्या मानाने ठणठणीत असल्याचं २०१६ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या तपासणीत आढळलं. खोटा मुद्दा जिंकून उपयोग नाही.

पैशाचं म्हणशील तर ते दादाचे नाहीत, तुझ्या आईबाबांचे आहेत. दाव्याच्या कागदावर आईचीही सही असणार. तिला कुणी विचारलंय? तुझ्या पत्रात तिच्या वाट्याला दोनच वाक्यं आली आहेत, आणि त्यांत ती पेज शिजवतेय. बाबा गेटपाशी बसतात ते सगळ्यांना दिसतं. ती चुलीपाशी तेच करतेय, दादा घालायचा तसा बांगडा घालून. तिला आधी विचार, एकटीला, आणि क्लोनबद्दल नव्हे.

आज रात्री सव्वानऊला एक खुर्ची उचल आणि गेटपाशी नेऊन ठेव. बाबा काही बोलले नाहीत तर तूही बोलू नकोस. माफी तिथेच माग.

आणि तो सुका बांगडा बंद करायला लागेल. मूत्रपिंडं गेलेल्या कुत्र्याला खारवलेली मासळी म्हणजे विष. आईला वाईट वाटेल, म्हणून थेट 'घालू नकोस' म्हणू नकोस. तिला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि वासापुरता ताजा मासा, बिनमिठाचा उकडलेला, काटे काढून चालेल का ते तिलाच विचारू दे. पेजेत मीठ अजिबात नको.

– मावशी